पूर्णेच्या डोहातली हजेरी

आयुष्यात कधी माशाला तोंड न लावलेला एक माणूस दर सोमवारी सकाळी नदीवर जाऊन माशांची हजेरी घेत असे, आणि माझं दुर्दैव असं की तो माझा साडू होता.

साडू हे मोठं विचित्र नातं. भाऊ म्हणावा तर रक्त वेगळं, परका म्हणावा तर सासरा एक. शिवाय आपला साडू आपल्यापेक्षा बावळट आहे, असं प्रत्येक माणसाला मनातून वाटतच असतं. बाकीच्यांना ते नुसतं वाटतं, मला ते डोळ्यांनी दिसत होतं. मन्मथअप्पा काठावरच्या दगडावर पालथे पडलेले, डोक्यावर काळी छत्री, अंगात सरकारी खात्यातला जुना खाकी कोट, आणि पाण्याकडं बघून चाललंय, "मौजूद... मौजूद... तू गप र, तुला मोजलंय!" हे दृश्य ज्यानं एकदा पाहिलं, त्याला माझं म्हणणं वाढवून सांगितल्यासारखं वाटणार नाही.

आम्ही लिंगायत वाणी. मासा आमच्या घरात चित्रातसुद्धा येत नाही. माझी वसमतला हळदीची अडत. मन्मथअप्पांनी मात्र दुकानाच्या गादीवर बसायचं सोडून निजाम सरकारच्या आबकारी खात्यात नोकरी धरली. काम काय, तर शिंदीची झाडं मोजायची. शिंदीवर तेव्हा सरकारचा कर असे. म्हणून शिवारोशिवार हिंडून झाडाची साल तासायची, तिथं नंबर टाकायचा आणि दर साली जाऊन ते झाड जाग्यावर आहे की नाही ते बघून यायचं. झाड पळून जाईल अशी सरकारला भीती का वाटत होती ते मला कधी कळलं नाही, पण त्या भीतीवर अप्पांचा संसार झाला. या गृहस्थानं शिंदीचा थेंब जिभेवर घेतला नाही आणि शिंदी मोजण्यात जन्म घालवला. पुढं मासा न खाता मासे मोजायला घेतले. दोन्हीत स्वतःला काही मिळालं नाही, याचाच त्यांना मोठा अभिमान होता.

वजिफा, म्हणजे पेन्शन, बसल्यावर ते पार्वताक्काला घेऊन आमच्या सासुरवाडीला येऊन राहिले. पार्वताक्का ही माझ्या बायकोची थोरली बहीण. सासऱ्यांना मुलगा नव्हता, त्यांच्यामागं घर रिकामंच पडलं होतं. जवळा बाजारापासून दोन कोसांवर, पूर्णेच्या काठचं ते लहानसं गाव अप्पांना पसंत पडलं. कुणी घरजावई म्हटलं की मात्र चिडत. "घरजावई कोन? मी हितं तैनात हाय," म्हणत. कशासाठी तैनात, ते पहिल्याच उन्हाळ्यात कळलं.

गावाच्या खालच्या अंगाला पूर्णेला एक खोल डोह आहे. त्यात खडस नावाचा मासा राहायचा. दोन हात लांब, पाठीवर रुपयाएवढे सोनेरी खवले आणि तोंडाला मिशा. "मिशा बगा, मिशा! कचेरीतला शिरस्तेदार वाटतोय का न्हाई?" असं अप्पा मला कौतुकानं दाखवत. मला तो मासाच वाटे.

पूर्वी पूर्णेत हा खडस बक्कळ होता म्हणे. मग उन्हाळ्यात डोह आटले की विषारी फळं कुटून पाण्यात टाकायची आणि झिंगून वर आलेले मासे टोपल्यांनी गोळा करायचे, अशी रीत पडली. एका साली अप्पा छत्री घेऊन निघाले ते नदीच्या काठाकाठानं डोह बघत वर गेले, परत येऊन खाली गेले. प्रत्येक गावच्या भोयाला गाठून एकच प्रश्न, "खडस हाय का? शेवटचा कवा घावला?" भोई लोक मासे धरणारे. त्यांना वाटलं, माशावर नवा कर बसणार. त्यांनी घाबरून सगळीकडं "न्हाई" सांगितलं. पण अप्पांनी स्वतः डोहाडोहात फुटाणे टाकून, खायला कोण वर येतं ते बघून खात्री केली. पायाला फोड आणि डोळे लाल अशा अवस्थेत परत आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "वर न्हाई. खाली न्हाई. खडस फकस्त आपल्या डोहात मौजूद हाय." मला वाटलं आता तरी हा माणूस गप्प बसेल. पण त्या दिवसापासून त्यांच्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. आमच्या सासुरवाडीला राजधानीचा दर्जा मिळाल्यासारखे ते गावातून चालायला लागले.

मोजणीचे नियम होते. सोमवारी उन्हं पाण्यात उतरली की सुरुवात. आधी वरून खाली मोजायचं, मग खालून वर. दोन्ही आकडे जुळले तर ठीक, नाही तर पहिल्यापासून. झाडांच्या बाबतीत हे सोपं असतं, कारण झाडं तेवढ्यात जागा बदलत नाहीत. खडसांना खात्याचे नियम ठाऊक नव्हते. त्यामुळं मोजणी दुपारपर्यंत चाले. तोवर धुणं घेऊन आलेल्या बायका ताटकळत उभ्या. आपटायचं नाही, बोलायचं नाही, पाण्यावर सावली पाडायची नाही. "अप्पा, लेकरू घरी रडून राहिलं हो," असं कुणी काकुळतीनं म्हटलं तर ते डोकं न उचलता म्हणत, "किती लेकरं? चार? मग एक रडलं तर बाकीची बगतील." मरळ, वाम असले दुसरे मासे मध्ये आले की त्यांना हातानं हाकलत. ती त्यांच्या मते किरकोळ रयत होती.

हा रोग नदीपुरता असता तर मी सोसला असता. पण "अंदाज सांगू नका, आकडा सांगा," हे त्यांचं पालुपद घरीदारी चाले. माझी म्हातारी आई आजारी होती. ती म्हणाली, "रात्री दोन-चारदा उठले रे बाबा." अप्पा म्हणाले, "दोनदा का चारदा? मदे दुपटीचा फरक हाय." भर बाजारात, चार गिऱ्हाइकांसमोर मला विचारलं, "वैजनाथराव, यंदा हळद किती पोती आली?" मी म्हणालो, "आली बरी." ते म्हणाले, "बरी म्हंजे किती?" अडत्यानं खरा आकडा चारचौघांत बोलायचा नसतो, ही गोष्ट शिंदीच्या झाडांनी त्यांना शिकवलेली नव्हती.

माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त नेमका सोमवारी आला. अप्पांनी पार्वताक्काला गाडीत बसवून पुढं पाठवलं आणि आपण मागं राहिले. संध्याकाळी, पंगत बसत असताना, कोट ओला, पायाला चिखल, अशा थाटात हे मांडवात शिरले आणि लांबूनच मला ओरडून म्हणाले, "सतरा मौजूद!" आचाऱ्यानं ते ऐकलं आणि धावपळ करून आणखी सतरा पत्रावळी मांडल्या. नवऱ्या मुलाचा चुलता हात जोडून मांडवाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. बराच वेळ उभा होता बिचारा. पुढं कित्येक वर्षं आमचे व्याही भेटले की आधी चौकशी करत, "तुमचे ते सतरा पाहुणे बरे आहेत ना?"

त्यानंतर दोनेक वर्षांत पार्वताक्का तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. मोठी हसतमुख बाई. नवऱ्याच्या पदरात फुटाणे बांधून देताना "माझ्या सवतींना माझा नमस्कार सांगा," म्हणायची. बायको गेल्यावर माणूस देवधर्माला लागतो, चार दिवस लेकीबाळींकडं जातो. आमच्या साडूबुवांनी काय केलं, तर सोमवारची हजेरी रोज करून टाकली. भेटायला आलेली माणसं ओसरीवर बसून राहायची आणि हे नदीवर. माझ्या बायकोनं तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. "बहीण गेली त्याचं काही नाही आणि मासे कसले मोजतात?" ती रडायची. मला तिचं म्हणणं पटत होतं.

आता एक घरगुती गोष्ट सांगतो. अक्काच्या अंगावर चांगलं सोनं होतं. पुतळ्यांची माळ, पाटल्या, मोत्यांच्या बुगड्या. सगळं सासऱ्यांनी घातलेलं. मूल नसलेल्या बाईचं माहेरचं सोनं बहिणीकडं यावं हे रीतीला धरून आहे, आणि मी लोभी माणूस नाही, पण रीत ती रीत. मी आडून आडून विचारलं, सरळ विचारलं, माणूस पाठवून विचारलं. प्रत्येक वेळी खात्यातलं उत्तर आलं, "तपास जारी हाय." सोनं ठेवलं कुठं, ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

इकडं अप्पांच्या डोक्यात नवा किडा शिरला. एक दिवस दुकानात येऊन माझ्या कानाशी लागून म्हणाले, "वैजनाथराव, एकच मासा दोनदा वर येऊन मला फसवून राहिला असला तं?" मी म्हणालो, "मग त्याच्यावर फिर्याद करा." पण ते गंभीर होते. झाडावर नंबर असतो म्हणून झाड दोनदा मोजलं जात नाही. माशाची साल तासता येत नाही. विचार करकरून त्यांनी जवळा बाजारच्या आठवडी बाजारात कासाराला गाठलं आणि पितळेच्या बारीक बाळ्या करून मागितल्या. कासारानं विचारलं, "लेकराच्या कानात घालायच्या काय?" अप्पा म्हणाले, "पाठीत." कासारानं पैसे आधी मागून घेतले.

फाल्गुनात पाणी उतरलं तेव्हा हा समारंभ झाला. मी तो डोळ्यांनी पाहिला. सटवा भोई जाळ्यानं एकेक खडस काठाशी आणायचा, अप्पा तो ओल्या धोतरात गुंडाळून मांडीवर घ्यायचे आणि पाठीवरच्या पंखाला बाळी अडकवायचे. मासा शेपटीनं त्यांच्या थोबाडीत मारायचा आणि हे त्याला समजावायचे, "आरं झालं, झालं. तुजंच काम हाय."

सटवा मला म्हणाला, "मालक, आमच्या सात पिढ्या नदीत गेल्या. मासा खायाचा असतोय. त्याला डागिना घालून परत सोडल्यालं म्या आज बगतोय."

"तुला मजुरी मिळते ना?" मी म्हणालो.

"मिळती. म्हून तर गप हाय."

झालं. खडस बाळ्या घालून डोहात हिंडायला लागले. उन्हं पडली की पाण्यात पिवळं पिवळं चमकायचं. अप्पांना कृतार्थ वाटलं. आता चूक होणे नाही, म्हणाले. आणि त्यांच्या जन्मातली सगळ्यात मोठी चूक तीच होती.

कारण पुढं अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला. निजामाच्या राज्यात तेव्हा कुणाच्या घरादाराची शाश्वती उरली नव्हती. लुटारूंच्या टोळ्या गावोगाव हिंडत होत्या. ज्याला जमेल तो बायकापोरांना कनेरगाव नाक्यावरून सरहद्दीपलीकडं वाशीमला पोचवत होता. मीही माझी पोचवली. उरलेल्यांनी सोनंनाणं लपवलं. कुणी उकिरड्यात, कुणी कडब्याच्या गंजीत, कुणी विहिरीच्या कपारीत. त्या दिवसांत माणूस कुदळ घेऊन घराबाहेर पडला की शेजारी भिंतीवरून डोकावायचा.

अशात कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. मन्मथअप्पानं अक्काचं सोनं कुठं लपवलं? माशांच्या पाठीवर! तिथं कोण हुडकणार? आणि हा बाबा रोज उठून डोहावर जाऊन मोजतो ते काय मासे? "सोनं मोजून राहिलंय! जाग्यावर हाय का न्हाई बगाया रोज जातंय!" इतकी वर्षं गावाला अप्पांच्या मोजण्याचा अर्थ लागत नव्हता. आता तो लख्ख लागला. लहानथोर सगळ्यांना एकदम पटला. खरं सांगायचं तर वसमतला बातमी आली तेव्हा क्षणभर मलाही पटला. साडूबुवांच्या वागण्यात मला पहिल्यांदाच शहाणपणा दिसला आणि त्यांच्याबद्दल आदर वाटला.

गाव डोहावर लोटलं. जाळी, टोपल्या, लुगडी, जे हाताला लागेल ते. दोन खडस मारले गेले. त्यांच्या बाळ्या सोनारानं कसोटीवर घासल्या आणि पितळ म्हणून सांगितलं. दुसरं गाव असतं तर तिथं थांबलं असतं. पण आमच्या सासुरवाडीची अक्कल खोल. "सरकारी मानूस हाय. वरवर पितळेच्या सोडल्या अन् सोन्याच्या तळाला ठिवल्या." अप्पा काठावर छत्री आपटून ओरडत होते, "पितळ हाय रे, पितळ! कासाराला इचारा!" त्यावर किसन पाटलांनी सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं, "पितळेसाठी मानूस येवढं वरडतं का?"

एका दुपारी अप्पा वसमतला माझ्या दुकानात येऊन उभे राहिले. चालत आले होते. छत्री नव्हती.

"सुरुंग लावनार हायत," ते म्हणाले. "विहिरीचे सुरुंग लावनारा ठरवलाय पाटलानं. उद्या बाजार झाला की डोहात बार करनार. पानी कमी हाय. एक बी वाचायचा न्हाई."

"बसा तरी. पाणी प्या."

"तुमी चला. तुमी सांगा पितळ हाय म्हून. तुमी अडते, तुमचं लोक ऐकतेत."

मी म्हणालो, "अप्पा, अडत्यानं पितळ म्हटलं की लोकांची सोन्याची खात्रीच पटते."

त्यांनी माझा हात धरला. या माणसानं आजवर माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. "ह्ये डोहातले गेले तं नदीत खडस न्हाई हो," म्हणाले. "म्या बगितलंय. वर न्हाई, खाली न्हाई. संपला."

मी गाडी जुंपायला सांगितली. माशांसाठी नाही. एवढा गोंधळ चालला आहे तर अक्काचं खरं सोनं कुठं आहे ते तरी कळेल, आणि ते उचलून आणता येईल, असा माझा सरळ हिशोब होता. वाटेत विचारलंही. अप्पा बैलांच्या शेपटांकडं बघत बसले होते. "तपास जारी हाय," इतकंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना गावात पोचलो तर काठावर जत्रा. लोक टोपल्या घेऊन जागा धरून बसलेले, सुरुंगवाला बत्ती उलगडत होता, पाटील लोकांना मागं सारत होते. मला वाटलं अप्पा धावत जाऊन डोहात उडी घेतील. पण ते नदीकडं गेलेच नाहीत. तडक घरात शिरले. मी मागोमाग. त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि चुलीवर घातली. ज्या चुलीवर ते इतके दिवस हातानं भाकरी भाजून खात होते, तिच्या बुडाशी एक गाडगं निघालं. ते अक्काच्या जुन्या लुगड्यात बांधून अप्पा मारुतीच्या पारावर गेले.

"अप्पा, हे काय करता?" मी मागून ओरडलो. "दिवस कसले आहेत! चारचौघांत सोनं काढतं का कुणी?"

त्यांनी पारावर घोंगडी अंथरली आणि एकेक दागिना त्यावर मांडला. मग नदीकडं तोंड करून आरोळी दिली, "बायकांना पाठवा! ज्यांनी अक्काला लग्नाकार्यात बगितलंय त्या समद्यांना पाठवा!"

आमच्याकडं एका बाईच्या अंगावर काय आहे ते तिच्या नवऱ्याला ठाऊक नसेल, पण गावातल्या बाकीच्या बायकांना गुंजेपर्यंत ठाऊक असतं. सगळ्या आल्या. त्यांच्यामागं पुरुष आले. अप्पांनी माळ उचलली. "ही कुनाची?" "अक्काची." "पाटल्या?" "अक्काच्या." कोंडाबाई नावाची म्हातारी पुढं झाली, तिनं बुगडी हातात घेऊन डोळ्याशी धरली. "हिचा एक मोती पडल्याला हाय. माज्या लेकीच्या लग्नात पडला. मीच हुडकत होते मांडवात." तिनं सगळ्यांवर हात फिरवला आणि गावाकडं वळून निकाल दिला, "अक्काचं समदं हाय हितं. काई कमी न्हाई." आणि तिथंच पदर डोळ्याला लावला.

सोनाराचं गावानं ऐकलं नव्हतं, अप्पांचं ऐकलं नव्हतं. कोंडाबाईपुढं कुणाची बोलायची प्राज्ञा झाली नाही. लोक टोपल्या उचलून घरी गेले. सुरुंगवाल्याला पाटलांनी आपल्या विहिरीवर लावलं.

मी घोंगडीवरचं सगळं लुगड्यात गोळा केलं आणि म्हणालो, "आता हे घेऊन मी आजच्या आज वसमतला जातो. इथं एक रात्र ठेवायची सोय राहिली नाही." अप्पांनी गाठोडं माझ्या हातातून काढून घेतलं. "अक्काच्या बहिणीचं हाय ते," म्हणाले. "तिला वाशीमहून आना. तिच्या हातात देतो. तुमी अडते." हे त्यांनी सगळ्या गावासमोर म्हटलं. मी तसाच गाडीत बसून परत आलो.

आठ दिवस गेले नाहीत तोच टोळी आली. बाकी घरं तिनं धुंडाळलीच नाहीत. सरळ अप्पांच्या दारात आली. अक्काचं सोनं गेलं, दाराच्या कड्या गेल्या, आणि अप्पांचा उजवा खांदा मोडला तो कायमचा. गावानं हळहळ केली आणि म्हटलं, दाखवायला सांगितलं कुणी होतं? वाशीमला माझ्या बायकोनं ही बातमी ऐकली आणि कपाळावर हात मारून घेतला. मी तर तेव्हा त्यांचं नाव निघालं की संतापायचो. सतरा काय, पंधरा काय, पाण्यातल्या जनावरांसाठी एका माणसानं आमच्या घराण्याचं सोनं चोरांना वाट दाखवून दिलं.

पुढं हिंदुस्थानच्या फौजा आल्या, राज्य बदललं, माणसं परतली. दिवाळी झाल्यावर मी सासुरवाडीला गेलो. जाताना गाडीत काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. एकही शब्द राखून ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. घराला कडी नव्हती, दार नुसतं लोटलेलं. आत कुणी नव्हतं. मी नदीवर गेलो.

पावसाचं पाणी निवळलं होतं. अप्पा दगडावर पालथे होते. उजवा हात अंगाशी बांधल्यासारखा पडलेला, डाव्या हातानं फुटाणे टाकत होते. डोक्यावर छत्री नव्हती. ती धरायला हातच उरला नव्हता.

मी उभ्या उभ्या सुरुवात केली. "काहून केलं हे, अप्पा? मला एवढंच सांगा. काय दिलं तुमाला या माशांनी?"

त्यांनी आणखी दोन फुटाणे टाकले. मग म्हणाले, "वैजनाथराव, तुमच्या घरी किती मानसं?"

"तुमाला ठाऊक न्हाई व्हय? आई, आमी दोघं, लेकरं, जेवायला दिवाणजी..."

"व्हय. भरल्यालं घर हाय." ते पाण्याकडं बघत होते. "मला मोजायची खोड. अक्का गेली तवापासून सकाळी उठलो की तोंडात आपसूक येतंय, एक. अन् मग म्होरं काईच न्हाई. ओसरीत बगा, परसात बगा, एक म्हणून थांबायचं. एकापाशी थांबता येत न्हाई हो मानसाला. लई भ्या वाटतंय. म्हून मी हितं येतो. पयला मी, मग ते. म्होरं म्होरं जाता येतंय."

गाडीत जुळवलेलं सगळं भाषण फुकट गेलं. माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला राग आला. या माणसाला मी इतकी वर्षं हसलो, शिव्या दिल्या, आणि तो मात्र रोज सकाळी घरातून नुसता बाहेर पळत होता.

"बसा," अप्पा म्हणाले. "सावली पाडू नका पान्यावर."

मी जोडे काढले, टोपी काढली आणि त्या थंड दगडावर त्यांच्या शेजारी पालथा झालो. धुणं घेऊन आलेल्या बायका वर घाटावर थांबल्या असाव्यात. त्यांच्या बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या. अप्पांनी काही फुटाणे माझ्या हातावर ठेवले.

"एक मी," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं. "आज तुमी आलाव. दोन तुमी."

खालून एक सोनेरी पाठ हळूच वर आली आणि वळली. "तीन," अप्पा म्हणाले, आणि त्यांची मोजणी संपेपर्यंत मी जागचा हललो नाही.